बापूंच्या डोळ्याची तारीख

बापूंनी थोरातवहिनींच्या मुलीच्या गर्द निळ्या साडीवर ब्लाउजच्या काळ्या रुबियाचा तागा ठेवला, तळहातानं एकदा सपाट केला आणि म्हणाले, "घ्या. साडीचा सख्खा भाऊ."

थोरातवहिनींनी पाहिलं. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीनं पाहिलं; दहा दिवसांवर तिचंच लग्न होतं. स्टुलावर पेपर वाचत बसलेल्या अनंतकाकांनी जाड चष्म्यावरून पाहिलं. मी दुकानाच्या पायरीवर होते, पुण्याच्या बसमधून उतरून थेट आलेली, खांद्यावर बॅग. नवरीच्या साडीवर काळं.

"अगदी," थोरातवहिनी म्हणाल्या. "बापू, तुमच्या नजरेला तोड नाही."

मुलगी काहीतरी बोलणार होती. वहिनींनी तिचा दंड धरला, तागा काखेत मारला आणि दुकानाच्या मागच्या टोकाला, माझ्या आईच्या कापायच्या टेबलाशी गेल्या. आईनं तागा घेऊन बाजूला ठेवला आणि खालच्या फळीवरून दुसरा काढला. गर्द निळा. तो साडीच्या काठाशी लावून तिनं नुसत्या भुवया वर केल्या. वहिनींनी मान हलवली.

"लग्न हॉलमध्ये आहे की दारात मांडव?" आईनं मुलीला हलक्या आवाजात विचारलं.

"हॉलमध्ये, काकू."

"मग ट्यूबलाइट असणार. त्यात हा जरा जांभळट मारेल. थांब, याच्याहून एक घर उतरता देते."

"किती कापतेस गं?" बापूंनी पुढून हाक दिली.

"मीटरभर. बाह्या लांब शिवायच्यात."

"बरोबर," बापू अनंतकाकांकडे वळून म्हणाले. "इतक्या वर्षांनी तिलाही थोडं थोडं कळायला लागलंय."

कराडात माळवदे मॅचिंग सेंटर म्हणजे बापू आणि बापू म्हणजे रंग, असं चाळीस वर्षं चालत आलं होतं. साडी घेऊन या, बापूंच्या पुढ्यात पसरा, ते एकदा बघणार आणि पाठीमागच्या फळ्यांवरच्या सहाशे ताग्यांतून बरोबर एक ओढून काढणार. मोरपंखी मागितला तर मोरपंखी, चिंतामणी मागितला तर चिंतामणी, आणि आमसुली आणि वांगी यांतला फरक ज्या बाईला सांगता येत नाही तिला फरकासकट. बाकीच्या दुकानांत बायका कापड घेऊन बाहेर उन्हात जायच्या आणि खात्री करायच्या. आमच्याकडे ती मुभा नव्हती. "उन्हात जाऊन बघायचं ते नवशिक्यांनी," असं बापू म्हणत, आणि एखादी नवी सून पायरी उतरायला लागली की तिची सासूच तिला मागे ओढत असे.

मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून पाहिलं. अकरा गिऱ्हाइकं आली. बापूंनी सात वेळा चुकीचा तागा दिला. सातही वेळा गिऱ्हाइकानं त्यांचं कौतुक केलं, तागा मागे नेला आणि आईनं बदलला. कोणी हसलं नाही, कोणी अडखळलं नाही. देवळात आधी नंदीला हात लावून मग गाभाऱ्यात जावं, तशी ती रीत बसली होती.

"हे कधीपासून?" रात्री भाकरी थापणाऱ्या आईला मी विचारलं.

"काय?"

"आई."

"दोनेक वर्षं झाली असतील." तिनं भाकरी उलटली. "आधी वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही. कन्याशाळेच्या बायका पंधरा ऑगस्टला पांढऱ्या साड्यांवर सायीच्या रंगाचे ब्लाउज घालून झेंड्यासमोर उभ्या राहिल्या. गावाला वाटलं, नवीन पद्धत आलीय. दोघीतिघींनी मुद्दाम तसेच शिवले."

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

"तू कुठं इथलं घालतेस? तू पुण्याचं घालतेस."

मी तेव्हा पुण्यात एका कॉलेजात ग्रंथपाल होते. घरात कोणाला काही झालं की मी आधी पुस्तक शोधते, मग माणसाकडे बघते. त्या रात्री जेवताना मी बापूंना मोतीबिंदूवर एक छोटंसं व्याख्यान दिलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि अनंतकाकांना म्हणाले, "अनंता, सांग हिला."

अनंतकाका बापूंचे चुलतभाऊ. एसटीतून निवृत्त झाल्यापासून रोज आमच्याकडे जेवायला असत आणि त्याची परतफेड म्हणून सल्ले देत. तीस वर्षांपूर्वी एका शिबिरात त्यांचे डोळे झाले होते. त्यामुळे त्या विषयात त्यांचा शब्द शेवटचा.

"पिकायला लागतो, वृंदे," ते म्हणाले. "कच्चा काढला की डोळा जातो. आमच्या शिबिरात एकाचा कच्चा काढला, माणूस परत जाताना दुसऱ्याच्याच घरात शिरला."

"काका, तो काय हापूस आहे का?"

"हापूसच. आढी घातल्यासारखा मुरला पाहिजे. आणि काढायचा तो थंडीत. माघ उजाडू दे."

"गेल्या वर्षीचा माघ होता की."

"गेल्या वर्षी थंडी नव्हती," बापू म्हणाले. "आणि मला काय धाड भरलीय? सगळं दिसतंय. समोर तू बसलीस, हिरवा ड्रेस घालून."

मी निळा ड्रेस घातला होता. आईनं माझ्या ताटात भाजी वाढली. "मीही तेच म्हणते," ती म्हणाली. "पिकू दे. घाई कशाला?"

दुसऱ्या दिवशी बापूंना 'चष्म्याचा नंबर तपासू' एवढंच सांगून मी डॉक्टर शबाना मुजावर यांच्याकडे नेलं. बाई तरुण होत्या. गावच्याच. त्यांनी बापूंच्या डोळ्यांत थेंब घातले, अर्धा तास बाकावर बसवलं, मग यंत्रातून बराच वेळ बघितलं. बापू यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवूनही बोलत होते.

"डॉक्टरीणबाई, तुमच्या अम्मींचा निकाहचा ब्लाउज माझ्या हातचा."

"माहीत आहे बापू. अजून ठेवलाय. आता जरा डोळा हलवू नका."

मग त्यांनी मला आत बोलावलं.

"डोळ्यात एक भिंग असतं," त्या म्हणाल्या. "काचेसारखं स्वच्छ. वयाप्रमाणे ते पिवळट होतं, मग चहासारखं, आणि शेवटी पांढरं. बापूंचा डावा डोळा चहावर आहे. त्यातून पांढरं सायीसारखं दिसतं आणि गर्द निळं सरळ काळं. उजवा पूर्ण पांढरा झालाय. त्यातून त्यांना आपला हात हललेला कळेल, एवढंच."

"पण पिकल्याशिवाय काढत नाहीत म्हणे."

"पूर्वी नव्हते काढत. मोठा छेद घेऊन अख्खं भिंग बाहेर काढायचे, टाके घालायचे. भिंग कडक असलं की अख्खं निघायचं. म्हणून थांबायचे. आता बारीक छेदातून ते आतल्या आत फोडून ओढून घेतो आणि जागेवर नवं भिंग सरकवतो. वीस मिनिटं. जितकं कडक, तितकं उलट आम्हाला अवघड." त्यांनी कागद बाजूला सारला. "आणि आता उजव्यातलं भिंग फुगायला लागलंय. डोळ्यातला दाब वाढला तर मागची नस जाते. मग मी भिंग बदलून काही उपयोग नाही. हे मी मार्चमध्येच सांगितलं होतं."

"मार्चमध्ये? कोणाला?"

"तुमच्या आईंना. त्याच घेऊन आल्या होत्या बापूंना. मी एप्रिलची तारीख दिली, आदल्या दिवशी त्यांचा फोन आला, बापूंना खोकला आहे. बरोबरच आहे, खोकल्यात करता येत नाही. मग ऑगस्टची दिली. तेव्हा शुगर वाढल्याचा फोन आला."

"बापूंना शुगर नाही."

"आज रक्त तपासलं, मलाही तेच दिसतंय," डॉक्टर म्हणाल्या.

मी घरी येऊन आईला गाठलं. ती गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती.

"एप्रिलमध्ये बापूंना खोकला होता?"

"थोडा होता."

"आणि शुगर?"

ती चादरीची घडी घालत राहिली. टोकाला टोक, मग पुन्हा टोकाला टोक.

"आई, त्यांचा डोळा जाईल. कायमचा. तुला डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"जाईल म्हणाल्या नव्हत्या. जाऊ शकतो म्हणाल्या."

"तुला भीती वाटते का? हल्ली इंजेक्शनसुद्धा लागत नाही, थेंबांवर होतं. मी वाचलंय—"

"तू वाचलं असशीलच," आई म्हणाली आणि चादर माझ्या हातात दिली.

मी ठरवून टाकलं की आई घाबरली आहे. जुन्या पिढीची बाई, सातवीपर्यंत शिकलेली, शस्त्रक्रियेचं भय. हे मी कुठल्याशा पुस्तकात वाचलंही होतं. मी येत्या गुरुवारची तारीख घेतली, रजा वाढवली आणि दवाखान्यात बजावून ठेवलं की माझ्याशिवाय कोणाचा फोन आला तर मानू नका. बापूंना तयार करणं त्यामानानं सोपं गेलं. पलीकडच्या गल्लीत नवीन मॅचिंगवाला आलाय आणि तो म्हणे दुकानात सूर्यासारखा दिवा लावतो, एवढं मी सांगितलं.

"दिवा लावतो?" बापूंनी विचारलं. "म्हणजे त्याला डोळे नाहीत." आणि थोड्या वेळानं, "किती मिनिटं म्हणालीस?"

बुधवारी संध्याकाळी आई म्हणाली, "त्यांना दोनदा शिंक आली."

"मिरचीची फोडणी होती," मी म्हणाले.

गुरुवारी सकाळी बापूंचा उजवा डोळा झाला. विसाऐवजी पस्तीस मिनिटं लागली, कारण भिंग दगड झालं होतं. बापू हिरव्या चादरीखालून डॉक्टरांना त्या चादरीचा रंग कसा उडालाय ते सांगत होते, असं नर्सनं नंतर सांगितलं. बाहेर बाकावर मी आणि आई. आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. मी तिचा हात धरला. तिनं तो धरू दिला.

"पाणी लावायचं नाही, ओणवं व्हायचं नाही, वजन उचलायचं नाही, थेंब चुकवायचे नाहीत," डॉक्टरांनी सांगितलं. "चार दिवस घरी. मग काळा चष्मा लावून दुकानात बसा. डावा डोळा महिन्यानं."

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. बापूंनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. डॉक्टरांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळले.

"तुझे केस कधी पांढरे झाले?"

"झाले हळूहळू."

"आणि कोणी मला सांगितलं नाही." ते आईकडे वळले. तिला त्यांनी बराच वेळ पाहिलं. आईनं नकळत डोक्यावरचा पदर सारखा केला. "तू बारीक झालीस," बापू म्हणाले.

घरी चार दिवस त्यांनी उच्छाद मांडला. भिंतीचा चुना निळसर का मारलाय, ताटं का घासत नाही, गणपतीच्या तसबिरीवर धूळ किती. अनंतकाका भेटायला आले तर बापूंनी त्यांना उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि म्हणाले, "अनंता, तू इतका म्हातारा आहेस होय?" काकांनी चहा घेतला आणि कच्चाच काढल्यामुळे असं होतं, असं मला हळूच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना एक खेळ करताना पाहिलं. पांढरा रुमाल समोर धरून ते एक डोळा झाकायचे, मग दुसरा. उजवा, डावा. उजवा, डावा. एका डोळ्याला रुमाल पांढरा, दुसऱ्याला सायीचा. मग त्यांनी माझा निळा ड्रेस मागवला. दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीनं पाहिला. मग घडी घालून बाजूला ठेवला.

"बापू?" मी विचारलं.

"गिरणीवाल्यांनी रंग बदललेत," ते म्हणाले. "मला संशय होताच."

पाचव्या दिवशी सकाळी काळा चष्मा लावून बापू गादीवर बसले. अनंतकाकांनी पेढे आणले. शेजारच्या भांड्यांच्या दुकानातले लोक येऊन गेले. आई नेहमीप्रमाणे मागे, कापायच्या टेबलाशी. पहिलं गिऱ्हाईक डुबलबाई, पोस्टातल्या. कोनफळी रंगाची इरकल घेऊन आल्या होत्या. बापूंनी चष्मा कपाळावर सरकवला, साडीवर नजर टाकली, मागे न बघता हात घातला आणि तागा काढला. तंतोतंत. मी पायरीवर उभी होते. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हे सगळं माझ्यामुळे झालं होतं.

"घ्या," बापू म्हणाले. "सख्खा भाऊ."

"नजरेला तोड नाही बापू," डुबलबाई म्हणाल्या, तागा काखेत मारला आणि आईकडे गेल्या. टेबलावर साडी पसरली, तागा काठाशी लावला आणि आईच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

आईनं मान वर केली नाही. "किती कापू?"

"अहो काकू, बघा की. हाच ना?"

"बापूंनी दिलाय."

"ते दिलाय हो. पण तुम्ही सांगा."

आई कात्री हातात घेऊन थांबली. बाईही थांबल्या. दुकानात आणखी दोघी होत्या, त्याही आईकडेच बघत होत्या. मी सहज गादीकडे पाहिलं. बापूंचा चष्मा अजून कपाळावर होता. आता त्यांना पार मागच्या टोकापर्यंत स्वच्छ दिसत होतं आणि ते बघत होते. आधी बघणाऱ्या बायका, मग त्या ज्या तोंडाकडे बघत होत्या ते.

"हाच," आई म्हणाली.

डुबलबाईंचा जीव भांड्यात पडला. कात्री चालली.

त्या रात्री जेवण झाल्यावर बापूंनी विचारलं, "बायका तुझ्याकडं काय बघतात गं?"

"कापायला देतात."

"द्यायच्या आधी बघतात."

"सवय असेल."

बापूंनी पान लावलं. चुना दोन्ही बोटांनी पुसला. मग अगदी मायेनं म्हणाले, "फार केलंस तू. मी अधू होतो तेव्हा सांभाळलंस. आता घरी आराम कर. कापायला मी एखादी बाई ठेवतो. कापायला काय, कुणीही चालतं."

"हो," आई म्हणाली.

"बघ," बापू मला म्हणाले, "वेळेवर केलं तर सगळ्यांचाच फायदा."

दुसऱ्या दिवशी मला परतायचं होतं. बापू साडेनवाला एकटेच दुकानात गेले. मी बॅग भरून स्वयंपाकघरात आले तेव्हा आई कपडे बदलून, पिना लावून, दुकानात जायच्या साडीत पाटावर बसली होती. समोर काही काम नव्हतं. निवडायला भाजीसुद्धा नव्हती. तिची भाजी नेहमी नऊच्या आतच निवडून झालेली असे.

मी तिच्याजवळ बसले. बसला अजून पाऊण तास होता.

"म्हणून खोकला होता का?" मी विचारलं.

तिनं पदराची पिन काढून पुन्हा लावली. मग म्हणाली, "त्यांचा डोळा जावा असं नव्हतं गं माझ्या मनात. एकदाही नाही. फक्त म्हटलं, एवढी लगीनसराई होऊ दे. मग म्हटलं, सण होऊ देत." ती पदराच्या काठाकडे बघत होती. "छत्तीस वर्षं मी कापलंय, वृंदा. रंग मला पहिल्या वर्षापासून कळत होता. विचारलं कोणी नव्हतं."

आई गेली त्याला आता पाच महिने होतील. तेराव्याला आलेल्या बायका ती किती सरळ कापायची ते सांगत होत्या. बापू शेजारी बसून दोन्ही चांगल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहून मान डोलवत होते. मी घराघरांत जाऊन तिनं जुळवून दिलेले जुने ब्लाउज काढायला लावू शकले असते. तसं काही केलं नाही. येणाऱ्यांना चहा दिला.

पण त्या सकाळी मला तिला काहीतरी द्यायचं होतं आणि माझ्या बॅगेत नुसते मोतीबिंदूवरचे झेरॉक्स कागद होते.

"डाव्या डोळ्याची तारीख कधीची दिलीय?" आईनं विचारलं.

"पुढच्या महिन्याची अठरा."

"मी नाही हो फोन करणार," ती म्हणाली. "करून घेऊ देत. व्हायलाच हवा." तिनं उठून भिंतीवरच्या कालनिर्णयाचं पान उलटलं. अठरापासून पुढे लग्नाच्या मुहूर्तांची ओळ होती. "त्यांना तेवढे दिवस घरी बसवावं लागेल ना?"

"लागेल."

"दुकान बंद ठेवून चालायचं नाही. नवी बाई नुसती कापणार. तिला काय कळतंय?"

"नाहीच कळणार."

"किती दिवस म्हणाल्या डॉक्टर?"

डॉक्टर चार म्हणाल्या होत्या. दोन्ही डोळ्यांना चारच.

"पंधरा," मी म्हणाले. "बापूंना मी फोनवरून सांगेन. मुजावरबाईंनाही सांगून ठेवते."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग कोनाड्यातली पेन्सिल घेऊन अठरा तारखेवर टेकवली.

"पंधरा तरी हवेतच," ती म्हणाली. "डोळ्याचं काम आहे."